बाजाराची घसरण आणि गावाची मंदी

‘मंदी’ या एका शब्दावर मराठीने फार ओझे टाकले आहे. मुंबईच्या शेअरबाजारात भाव उतरू लागले की ती मंदी, आणि भाव उतरतील या हिशेबाने सौदे करणारा तो मंदीवाला. वणीच्या पेठेत ऐन दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकले नाही, की दुकानदार म्हणतो, यंदा मंदी आहे. आणि १९२९ नंतर जगभर कारखाने बंद पडले, शेतमाल मातीमोल झाला, बँकांना कुलपे लागली, त्या साऱ्याला आपण फार तर ‘महा’ हे उपपद जोडतो आणि पुन्हा मंदीच म्हणतो. वास्तविक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भावांची घसरण आहे, दुसरी व्यापारातली मरगळ आहे, आणि तिसरी वर्षानुवर्षे न उठणारे अर्थव्यवस्थेचे आजारपण.

शब्द एकच असल्यामुळे दोन समज रूढ झाले आहेत. पहिला समज शहरी आणि वर्तमानपत्री आहे. निर्देशांक एका दिवसात दोन-तीन हजार अंशांनी खाली आला की देशाची अर्थव्यवस्थाच कोसळली अशा थाटाचे मथळे येतात. दुसरा समज आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतला आहे. शेअरबाजार हा पैसेवाल्यांचा जुगार. तो बुडाला तर ते बुडतील. द्राक्षबागायतदाराला, सप्तशृंगीच्या वाटेवर नारळ आणि ओटीचे दुकान मांडणाऱ्याला त्याचे काय? प्रस्तुत लेखात मला असे मांडायचे आहे की हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांतला दुसरा अधिक महागात पडणारा आहे.

शेअरचा भाव उतरतो तेव्हा प्रत्यक्षात काय नष्ट होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा. कारखान्याची यंत्रे जागच्या जागी असतात. कामगारांच्या हातांतले कसब कायम असते. बागेतली वेल आदल्या दिवशी होती तशीच असते. बदललेला असतो तो त्या यंत्रांपासून पुढे किती नफा होईल याबद्दलचा लोकांचा अंदाज. ज्याने स्वतःच्या शिलकीतून शेअर घेतले असतील तो कागदावर गरीब होतो. नवी गाडी घेण्याचा बेत पुढे ढकलतो, घराचे काम लांबवतो. त्याचे नुकसान खरे असले तरी ते त्याच्या उंबरठ्याशी बरेचसे थांबते.

ते उंबरठा ओलांडून बाहेर पडते ते तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे. एक, शेअर उसन्या पैशांवर घेतलेले असले पाहिजेत. दोन, ज्याने ते पैसे उसने दिले, त्याच संस्थेवर व्यापाराचा आणि शेतीचा पतपुरवठाही अवलंबून असला पाहिजे. आणि तीन, तेजीच्या दिवसांत लोकांच्या माथी बसलेली देणी, मग तो सारा असो, व्याज असो की हप्ता, भाव उतरल्यावरही उतरत नसली पाहिजेत. पहिला सांधा घसरणीला बँकेपर्यंत नेतो, दुसरा बँकेपासून पेठेपर्यंत, आणि तिसरा तिला तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करू देतो. तिन्ही सांधे जुळलेले नसतील तर बाजार कितीही पडो, मंदी येत नाही किंवा आली तरी टिकत नाही.

या प्रक्रियेचे फार बोलके उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस हिंदुस्थानातून जाऊ लागला होता. कापसाचे भाव कितीतरी पटींनी चढले. युद्धाच्या वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा जास्तीचे असे ७ ते ८ कोटी पौंड मिळाले, असे त्या काळचे अंदाज सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले ते १८६३ साली, म्हणजे ऐन या भरभराटीत. उतरता काळ तेव्हा अवघ्या दोन वर्षांवर होता.

इतका पैसा शहरात आला आणि त्याला जायला पुरेशा वाटा नव्हत्या. मग वाटा निर्माण करण्यात आल्या. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतल्या बहुतेकींचे नावही नव्हते. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे आकर्षण सर्वांत मोठे होते. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्यावरच्या हक्काचा हा भाव होता.

इथपर्यंतची कथा हव्यासाची आहे आणि ती सर्वत्र सारखीच असते. तिला वेगळे वळण देणारी घटना फारशी चर्चिली जात नाही, कारण ती एका कायद्याच्या कलमात दडलेली आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा वाटा असलेली, प्रतिष्ठित बँक होती. पूर्वीच्या नियमांनुसार तिला असल्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक नव्हती. १८६३ च्या नव्या कायद्याने ते बंधन सैल झाले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत वजनदार दलाल. बँकेच्या कारभारावर त्यांचा प्रभाव होता. त्यांच्या शब्दावर, अनेकदा अपुऱ्या तारणावर, कर्जे दिली गेली. कर्जाच्या पैशांतून शेअर घ्यायचे, ते गहाण ठेवून नवे कर्ज काढायचे आणि त्यातून आणखी शेअर घ्यायचे, असे चक्र सुरू झाले. भाव चढत होते म्हणून तारण भक्कम दिसत होते, आणि तारण भक्कम दिसत होते म्हणून कर्ज मिळून भाव आणखी चढत होते.

त्याच्या जोडीला वायद्याचे सौदे होते. अमुक शेअर १ जुलै १८६५ रोजी अमुक भावाने घेईन, असा करार करायचा आणि तोवर तो दुसऱ्याला अधिक भावाने विकून मोकळे व्हायचे. दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. प्रत्येकाच्या खिशात पैशांऐवजी पुढच्या माणसाचा शब्द होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलैला शब्दांचे पैसे करण्याची वेळ आली तेव्हा साखळीतला एक मोडला म्हणून दुसरा मोडला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, त्याला पुढे ८७ रुपये येऊ लागले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी नवी बँक काढावी लागली. तरुण वयात हा काळ पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी १९१० साली या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

घसरणीचे मंदीत रूपांतर झाल्याची खूण शेअरच्या भावात शोधायची नसते, ती माणसांच्या हालचालींत दिसते. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी. दोन्ही गणनांच्या पद्धती सारख्या नव्हत्या आणि १८६४ ची गर्दीही तेजीनेच ओढून आणलेली होती, हे मान्य करूनही हा आकडा बोलका आहे. भराव टाकणारे मजूर, गोदीतले हमाल, इमारतींवरचे गवंडी यांच्याकडे बॅक बेचा एकही शेअर नव्हता. काम संपले आणि ते आपापल्या मुलखाकडे निघून गेले.

ते ज्या मुलखाकडे परतले तिथे काय चालले होते? तेजीच्या वर्षांत मुंबईच्या निर्यातदारांनी व्यापाऱ्यांना, व्यापाऱ्यांनी गावच्या सावकारांना आणि सावकारांनी कुळांना सढळ हाताने उचल दिली होती. कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपयांपर्यंत आगाऊ पैसे मिळाल्याचे उल्लेख आहेत. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि नाशिकचे पठार थेट मुंबईच्या बंदराशी जोडले गेले. दैवयोगाने तेच वर्ष फुगा फुटण्याचेही ठरले. रेल्वेच्या कामांवर मिळणारी मजुरीही एकेका टप्प्याबरोबर संपत गेली. मुंबईचा निर्यातदार अडचणीत आला की तो व्यापाऱ्याकडे तगादा लावतो, व्यापारी सावकाराकडे, सावकार कुळाकडे. उचल बंद झाली आणि वसुली सुरू झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. ऋणकोला संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची वहिवाट पडली.

तिसरा सांधा सरकारने जोडला. दख्खनमधल्या पहिल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत याच सुमारास संपत होती. इंदापूर तालुक्यात १८६७ मध्ये नवी जमाबंदी झाली आणि सारा ५० टक्क्यांहून अधिक वाढवला गेला. वाढीचे समर्थन काय, तर धान्याचे आणि कापसाचे भाव चढले आहेत. भाव चढले होते ते युद्धामुळे आणि उसन्या पैशांमुळे. सारा ठरवला गेला तो पुढच्या तीस वर्षांसाठी. तेजी गेली, सारा राहिला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने आरंभीच्या काळातच या साऱ्याचा प्रश्न हाती घेतला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. तिथून हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. लोकांना हवी होती ती खते. अनेक ठिकाणी ती हिसकावून जाळण्यात आली. भीमथडी हा काही कापसाचा मोठा मुलूख नव्हता. तरीही तेजीतला पैसा तिथवर पोहोचला होता आणि त्यामागोमाग तगादाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. दंग्यांच्या कारणांबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. कोणी साऱ्याला दोष देतात, कोणी सावकारीला, तर कोणी दंग्यांचे महत्त्वच कमी लेखतात. माझ्या मते ही कारणे एकमेकांना पर्याय नाहीत. आटलेली पत आणि न आटलेला सारा या एकाच चिमट्याच्या दोन बाजू होत्या, आणि तो चिमटा तापवण्यात मुंबईच्या फोर्ट भागातल्या सौद्यांचाही हात होता.

साठ-पासष्ट वर्षांनी हेच नाटक जगाच्या रंगभूमीवर झाले. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. तिथेही लोकांनी थोडी रक्कम भरून आणि उरलेली दलालाकडून उसनी घेऊन शेअर घेतले होते. तथापि एकट्या घसरणीने महामंदी आली असे आज कोणी जाणकार म्हणत नाही. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. ठेवीदारांचे पैसे गेले, कर्ज मिळेनासे झाले, आणि चलन सोन्याशी बांधलेले असल्यामुळे सरकारांचे हातही बांधलेले होते. त्यातून आपल्याकडे आली ती शेतमालाच्या भावातली पडझड. काही वर्षांत भाव निम्म्याच्या आसपास आले. सारा आणि व्याज मात्र रुपयांत ठरलेले, ते तेवढेच राहिले. म्हणजे एका पोत्यात जे देणे फिटत होते त्याला आता दोन पोती लागू लागली. १९३१ पासून देशातले सोने प्रचंड प्रमाणात बाहेर गेले. त्यात गावोगावच्या बायकांच्या अंगावरचे किती असेल याची कल्पना करणे कठीण नाही. कर्जे इतकी साचली की मुंबई प्रांताला १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी कायदा करावा लागला. वॉल स्ट्रीट हे नावही न ऐकलेल्या माणसाच्या घरातली पाटली मोडली गेली, ती अशी.

आता याच्या उलटची उदाहरणे पाहू. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्क्यांनी पडला. १९२९ च्या कुठल्याही एका दिवसापेक्षा ही घसरण मोठी होती. पण मंदी आली नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले की लागेल तितका पैसा उपलब्ध करून देऊ. बँकांनी कर्जे आखडली नाहीत. आपल्याकडे एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता, तो हर्षद मेहता प्रकरणानंतर वर्षभरात २,५०० च्या आसपास आला. देशभर हाहाकार झाला, पण अर्थव्यवस्था मंदीत गेली नाही, कारण बहुतेक मोठ्या बँका सरकारी होत्या आणि त्यांची दारे बंद होणार नाहीत याची लोकांना खात्री होती.

मात्र त्या प्रकरणाचा एक तपशील आपण विसरता कामा नये. दलालांनी बँकांचा पैसा शेअरबाजारात नेण्यासाठी ज्या पावत्या वापरल्या, त्यांतल्या अनेक पावत्यांमागे रोखेच नव्हते, आणि अशा पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड ही सातारा जिल्ह्यातल्या गावाचे नाव लावणारी छोटी बँक होती. १९९२ मध्ये ती बंद पडली. पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने तिचा व्यवसाय ताब्यात घेतला. मुंबईतल्या सौद्यांमुळे कराडच्या दुकानदाराच्या, शिक्षकाच्या, शेतकऱ्याच्या ठेवी अडकल्या. देशात मंदी आली नाही, हे खरेच. परंतु ज्याचे लग्नकार्य किंवा पेरणी त्या ठेवीवर अवलंबून होती, त्याच्या घरी ती त्या वर्षी आली.

या सर्व इतिहासाचा आजच्या वणीशी संबंध काय? दिंडोरी तालुक्याची द्राक्षशेती पाहिली तर तो लगेच ध्यानात येतो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून बागेवर खर्च सुरू होतो आणि घड हाती येतात ते पुढच्या वर्षी. दरम्यान औषधे आणि खते दुकानातून उधारीवर येतात, पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांना रोख द्यावी लागते, पीककर्ज बँकेचे किंवा सोसायटीचे असते, ट्रॅक्टरचा हप्ता वेगळा. व्यापारी माल तोडून नेतो आणि पैसे पुढे देतो. निर्यातीचा माल रॉटरडॅमच्या वाटेने जातो आणि हिशेब कित्येक आठवड्यांनी येतो. म्हणजे इथला एकेक घड चार-पाच उधाऱ्यांच्या दोऱ्यांवर लोंबकळत असतो. व्यापाऱ्याची बँकेतली उचलमर्यादा निम्मी झाली, तर बाग कितीही चांगली आलेली असो, भाव पडतो आणि पैसे लांबतात. मग दुकानदाराची उधारी थकते, तो पुढच्या हंगामाला हात आखडता घेतो, आणि त्याची झळ चैत्राच्या यात्रेत गडाच्या पायथ्याशी खेळणी विकणाऱ्यालाही लागते.

पैशाची वाट अडली म्हणजे काय होते, हे समजायला नाशिक जिल्ह्याला पुस्तकाची गरज नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि काही दिवसांतच जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. लासलगावचा कांद्याचा बाजार काही दिवस बंद राहिला. कांदा होता, घेणारे होते, खाणारे होते. मधला पैसा नव्हता. त्याचे कारण शेअरबाजार नव्हे, पण बँका गोठल्या म्हणजे पेठ कशी गोठते याचा तो धडा होता. शेअरबाजारातली घसरण बँकांपर्यंत पोहोचली तर ती हेच करील, फक्त अधिक सावकाश आणि अधिक काळ.

आजची परिस्थिती १८६५ सारखी आहे का? नाही, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. बँकेतल्या ठेवींना १९६२ पासून विमा आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. वायद्याच्या सौद्यांत आगाऊ रक्कम भरावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांतून २५,००० कोटींहून अधिक रक्कम बाजारात आली. हा पैसा बहुतांशी लोकांच्या पगारातून आणि शिलकीतून येतो आणि त्यात वाईट काहीच नाही. शेअर घेणे हे पाप आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट चढला तीही शेअर विकूनच उभी राहिली होती. मार्च २०२० मध्ये बाजार एका दिवसात १३ टक्के पडला आणि काही महिन्यांत सावरला. स्वतःच्या पैशांवर उभा असलेला माणूस अशी पडझड सोसू शकतो.

माझी चिंता पहिल्या सांध्याबद्दल आहे, कारण तो पुन्हा जुळवला जात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. एवढी रक्कम सगळी शिलकीतूनच गेली असेल, यावर माझा विश्वास नाही. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, मित्रांकडची उसनवार यांतला काही भाग त्यात असणारच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवरचे निर्बंध कडक केले, ते योग्यच होते. परंतु त्याच रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअरांच्या तारणावर एका व्यक्तीला देता येणाऱ्या कर्जाची मर्यादा २० लाखांवरून १ कोटी रुपयांवर नेण्याचा प्रस्ताव जाहीर केला. आजचे नियम १८६३ पेक्षा कितीतरी काटेकोर आहेत, हे मला मान्य आहे. पण दिशा तीच आहे. शेअर हे चांगले तारण आहे असे बँकेला वाटते ते नेहमी तेजीतच. मंदीत तिला त्याची आठवण होते ती विकण्यासाठी. आणि सगळ्या बँका एकाच वेळी तारण विकायला काढतात तेव्हा घसरणीचा कडेलोट होतो.

तिसऱ्या सांध्याची अवस्थाही विचार करण्यासारखी आहे. इंग्रजांच्या साऱ्याची जागा आज हप्त्याने घेतली आहे. घराचा, ट्रॅक्टरचा, मोटारसायकलचा, मुलाच्या शिक्षणाचा हप्ता चांगल्या वर्षीच्या उत्पन्नाकडे पाहून ठरतो आणि वाईट वर्षी तेवढाच भरावा लागतो. सारा कमी करा म्हणून अर्ज करायला निदान एक सरकार होते. हप्ता मात्र खात्यातून आपोआप वळता होतो.

म्हणून बाजार किती पडला हा आकडा पाहून घाबरणेही व्यर्थ आहे आणि त्याकडे पाठ फिरवणेही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पडलेले शेअर कोणाच्या पैशांवर घेतलेले होते? त्यांना कर्ज देणारी संस्था आणखी कोणाकोणाला पोसते? आणि आपल्या माथ्यावरची देणी कोणत्या वर्षाचे उत्पन्न धरून ठरली आहेत? हे प्रश्न अर्थशास्त्रज्ञांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. ते वणीतल्या कोणत्याही पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, अहवाल हातात धरून, विचारता येतात. आमच्या ठेवी कुठे गुंतवल्या आहेत, कोणत्या तारणावर कर्जे दिली आहेत, संचालकांच्या नातलगांना किती दिली आहेत? बँकेच्या ठेवींना असलेले ५ लाखांचे ते विमासंरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही, ही गोष्ट किती ठेवीदारांना माहीत असते? सभेत चहा-फराळ होतो, लाभांश जाहीर होतो, ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि अहवाल न उघडताच घरी जातो.

१८६३ मध्ये शेअरांवर कर्ज देण्याची मुभा बँकेला मिळाली, तेव्हा सुपे गावातल्या कोणाला त्याचा पत्ता असण्याची शक्यता नव्हती. बारा वर्षांनी तिथल्या लोकांनी खते जाळली, तेव्हाही आपल्या कर्जाच्या साखळीतली वरची कडी कुठे अडकवलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. समोर दिसला तो गावचा सावकार. त्यांचे अज्ञान अपरिहार्य होते. आपल्याजवळ छापील अहवाल आहेत, माहितीचा अधिकार आहे, रोजचे वर्तमानपत्र आहे. शेअरबाजार आपला नाही असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्या बाजारातून येणारी मंदी हे ऐकून घेत नाही. ती येते उधारीच्या वाटेने, आणि त्या वाटेच्या या टोकाला आपण सगळेच उभे आहोत.